‘बीटा’चा घोळ आणि मॉडचे प्लेटेस्टर

मॉडच्या, म्हणजे खेळाडूंनी एखाद्या गेमवर स्वतः केलेल्या बदलांच्या किंवा भरीच्या, चाचणीला हौसेने नावं देणारे पुष्कळ भेटतात. फाइल उतरवून घेणारे त्याहून जरा कमी, आणि खेळून झाल्यावर चार ओळी लिहून पाठवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्या एकाचा अभिप्राय हमखास ‘मस्त झालंय’ असतो. हे दुखणं आजचं नाही, पण सुरुवातीपासूनचंही नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा गेम आला. त्याचे मॅप (खेळायच्या जागा) आणि चित्रं वॅड फाइलमध्ये वेगळी ठेवलेली होती, त्यामुळे मूळ गेमला हात न लावता आपला मॅप त्याला जोडता येई. तपासणारा बहुधा स्वतःच मॅप करणारा असे; आज तू माझा खेळ, उद्या मी तुझा खेळतो. शिवाय डेमो, म्हणजे खेळलेल्या डावाची नोंद, होता. गेम खेळाडूच्या हालचाली सेकंदाला ३५ वेळा टिपून ठेवी. चित्रं नाहीत, नुसत्या हालचाली. म्हणून दहा मिनिटांचा खेळ १०० किलोबाइटांच्या आत बसे. मॅप करणारा तो आपल्याकडे चालवून पाही: चावी समोर असताना गडी त्याच खोलीत तीनदा फिरला, म्हणजे तिथला उजेड चुकलाय. मधल्या काळात मॅपमधला एक राक्षस जरी हलवला, तरी डेमो भरकटायचा आणि खेळाडू भिंतीला धडका देत राहायचा. त्यामुळे डेमो नीट चालला, की समोरच्याने हीच आवृत्ती खेळली याची खात्री आपोआप पटे. टेस्टरच्या शब्दावर विसंबायची वेळच येत नसे.

पुढे ‘बीटा’ या शब्दाने घोळ घातला. सॉफ्टवेअरच्या धंद्यात बीटा म्हणजे जवळजवळ पूर्ण झालेलं काम बाहेरच्यांच्या हाती देऊन बघणं. ‘हाफ-लाइफ’ या गेमवरच्या ‘काउंटर-स्ट्राइक’ या मॉडचा पहिला बीटा जून १९९९ मध्ये सगळ्यांसाठीच खुला झाला आणि पूर्ण आवृत्ती, १.०, आली नोव्हेंबर २००० मध्ये. बॉम्ब पेरण्याचा डावसुद्धा मधल्या बीटातच आला. लोक तो चाचणी म्हणून खेळतच नव्हते. त्यांच्या लेखी तोच गेम होता. तिथे हे चाललं, कारण अनेकांनी मिळून खेळायच्या मॉडमध्ये गर्दी हीच चाचणी असते. एखादी बंदूक डोईजड झाली, की सगळे तीच उचलतात. अहवाल कोणी लिहायची गरज नाही.

पण ते यश पाहून एकट्याने खेळायच्या, गोष्ट सांगणाऱ्या मॉडनीही बीटा खुला करायला सुरुवात केली. हा निर्णय अजून वादात आहे. खुल्याच्या बाजूचे म्हणतात, जितके संगणक तितके वेगळे बग सापडतात. खरं आहे. पण कोडं पहिल्यांदा सोडवणारा माणूस एकदाच मिळतो. अर्धवट मॉडवर तो खर्ची पडला, की पुढच्या आवृत्तीत त्याला दार कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं. माझ्या मते खरं नुकसान त्याच्याही पुढचं: ‘बीटा टेस्टर’चा अर्थ ‘ज्याला आधी खेळायला मिळतं तो’ असा होऊन बसला. बग शोधणं मागे पडलं, मान उरला.

२०११ मध्ये स्टीम वर्कशॉप, म्हणजे स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातलं मॉड वाटायचं ठिकाण, आलं, पुढच्या वर्षी ‘स्कायरिम’ या गेमचे मॉड तिथे पोचले, आणि आवृत्तीचा हिशेबही सुटला. मॉड आपोआप अद्ययावत होतो. टेस्टरने सकाळी काय खेळलं आणि संध्याकाळी काय, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. त्यात त्याच्याकडे आणखी शंभर मॉड लावलेले. क्रॅश कोणामुळे? लोड ऑर्डर, म्हणजे मॉड कोणत्या क्रमाने लावलेत, ते विचारा, तर उत्तर येत नाही. काढून टाकलेल्या मॉडच्या स्क्रिप्ट जुन्या सेव्हमध्ये रेंगाळत राहतात, म्हणून क्लीन सेव्हवर, म्हणजे तो मॉड कधीच न लागलेल्या सेव्हवर, खेळा असं सांगावं लागतं, आणि साठ तासांचा सेव्ह बाजूला ठेवायला कोण तयार होतं?

म्हणून काही मॉडर पुन्हा मोजक्या माणसांकडे वळले आहेत. प्रत्येकाला वेगळी प्रत, मेन्यूच्या कोपऱ्यात तिचा क्रमांक. अहवालाच्या पहिल्या ओळीत तो क्रमांक नसेल, तर पुढचं वाचत नाहीत.