रिअरसेट (मोटारसायकल)

फुटरेस्ट, गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचे पेडल मूळ जागेवरून मागे आणि वर नेणारा जोडसंच. ब्रिटनमधल्या १९५०-६० च्या कॅफे रेसर (शर्यतीच्या धाटणीत बदललेल्या) गाड्यांमुळे तो रूढ झाला. वळणावर गाडी झोपवताना फुटरेस्ट रस्त्याला लवकर घासत नाही. मात्र हँडल उंचच ठेवून नुसते पाय मागे नेले, तर नागपूरच्या वर्धा रोडवर तासाभरातच गुडघे बोलू लागतात.

जुना गिअर लिव्हर काढण्याआधी त्यावर आणि तो ज्यावर बसतो त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर पंचने समोरासमोर खूण करावी. नवे बोल्ट आधी हातानेच लावून लिव्हर-पेडल पूर्ण फिरवून पाहावे, मगच आवळावे. एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टला आवळण्याचा जोर साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, एम६ ला १० पुरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. ॲल्युमिनियममध्ये एम८ चे किमान १२ मिमी आटे बसले पाहिजेत. निळे लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे, लाल नको.

रिअरसेटची प्लेट फ्रेमवर सपाट बसत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेकदा आड येतो वेल्डिंगचा फुगवटा. बोल्ट ताणून प्लेट बसवली की ती वाकते आणि लिव्हर जॅम होतो. वॉशरची चळत लावण्यापेक्षा हिंगणा एमआयडीसीकडच्या एखाद्या लेथवर मापाचा स्पेसर (मधे घालायची कडी) करून घ्यावा; स्पेसर जितका जाड, तितका बोल्ट मूळ बोल्टपेक्षा लांब घ्यावा.

लिव्हरला शाफ्टशी जोडणाऱ्या लिंक रॉडला एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे आटे असतात, म्हणून रॉड जागीच फिरवून लांबी बदलता येते. लिव्हर मधल्या स्थितीत असताना रॉड आणि शाफ्टवरचा आर्म यांच्यात ९० अंशांच्या आसपास कोन हवा. तो बिघडला की वरचे गिअर पडतात, पण खालचे अर्धवट अडकतात, मधेच खोटा न्यूट्रल लागतो आणि दोष गिअरबॉक्सवर ढकलला जातो. आर्म वर तोंड करून बसवायचा तो खाली केला, तर गिअरचा क्रमच उलटतो. जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे असल्याने डाव्या गिअरचे किट तिथे निरुपयोगी.

खरा धोका मागच्या डिस्क ब्रेकमध्ये. पेडल दाबले की ब्रेकच्या तेलावर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला (पेडलकडून ढकलणाऱ्या दांड्याला) १ ते २ मिमी मोकळीक ठेवावी. ती नसेल तर तेल परत जाण्याचे छिद्र बंदच राहते, तापलेले तेल फुगते आणि ब्रेक आपोआप लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना हे सिग्नलगणिक वाढत जाते. म्हणून पाचेक किलोमीटर चालवून चाक उचलावे आणि हाताने फिरते का पाहावे.

ब्रेकलाइटचा स्प्रिंगवाला स्विच नव्या पेडलपर्यंत पोचत नसेल, तर नळीच्या बँजो बोल्टऐवजी (तेल आतून जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टऐवजी) तेलाच्या दाबावर चालणारा प्रेशर स्विच बसतो. त्याचे आटे एम१० चे, पण पिच (दोन आट्यांमधले अंतर) १.० किंवा १.२५ मिमी, चुकीचा रेटला की मास्टर सिलिंडरच जातो. नळी उघडली की तांब्याचे वॉशर नवेच घालावेत आणि ब्रेकमधली हवा काढावी.

साइड स्टँड, सायलेन्सर, किक आणि चेन यांच्याशी काही घासत नाही ना, हे कोणीतरी गाडीवर बसलेले असताना तपासावे. मागच्याचे फुटरेस्ट काढून टाकणारे किट डबलसीटसाठी घेऊ नये. १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. पावसाळ्यात काळी माती रॉडच्या गोल सांध्यांत बसून ते खडखडतात. ते धुऊन हलके तेल द्यावे, ग्रीस थापू नये.