रिक्षावाला ‘नाही’ म्हणाला पाहिजे

समजा, आठवीतली एक मुलगी आहे. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही. तोंडी परीक्षेच्या दिवशी हमखास पोटात दुखतं. दुकानात काही विचारायचं झालं की आईला पुढे करते. घरचे म्हणतात, “बुजरी आहे, मोठी झाली की सुधारेल.” नुसता बुजरेपणा असेल तर सुधारेलही. पण शाळा, मैत्रिणी, सहली यांवर पाणी सोडायला लावणारी ‘लोक काय म्हणतील’ ही भीती म्हणजे सोशल अँग्झायटी. तिच्यावर सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार) नावाचा उपचार आहे, आणि तो औषधांसारखाच चाचण्यांमधून तावूनसुलाखून निघालेला आहे.

लोक त्याला ‘बोलण्याचा उपचार’ म्हणतात, ते अर्धंच खरं. नुसत्या धीर देण्यानं ही भीती जात नाही. त्यातला कळीचा भाग म्हणजे एक्स्पोजर: ज्याची भीती वाटते तेच पायरीपायरीनं करून पाहणं. मुलगी आणि थेरपिस्ट मिळून भीतीची शिडी मांडतात. सगळ्यात खाली, मावशीला स्वतःहून फोन. मग वाण्याला भाव विचारणं. त्याच्या वर, पेठेतलं दुकान दुपारी बंद व्हायला पाच मिनिटं असताना “आणखी रंग दाखवता का?” (हे मोठ्यांनाही झेपत नाही.) काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं, काय झालं ते नंतर. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवा अनुभव साठतो आणि हळूहळू वरचढ ठरतो. म्हणून सराव एकाच दुकानात करून भागत नाही.

अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. १२ आठवड्यांनंतर सीबीटीनं ६० टक्के मुलं बरीच सुधारली, सर्ट्रालिन या औषधानं ५५, दोन्ही मिळून ८१. नकली गोळीवरही २४ टक्के सुधारली! ‘आमच्या भाच्याला अमक्यानं गुण आला’ हा पुरावा का धरत नाहीत, ते यावरून कळावं.

आईवडिलांचं काय? मुलीच्या वतीनं बोलणं, पोटात दुखलं की घरी ठेवणं, हे सगळं मायेपोटीच होतं. पण त्यानं भीतीला खतपाणी मिळतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांवर थेट उपचार न करता फक्त पालकांना ही सवय सोडायला शिकवलं. त्या मुलांमध्ये सीबीटी घेतलेल्या मुलांइतकीच सुधारणा दिसली.

आपल्या शिडीची वरची पायरी रिक्षा स्टँडवर. “कोथरूड येणार का?” इथे नकारच हवा असतो: तो ऐकायचा आणि पुढच्या रिक्षाकडे जायचं. पहिलाच “बसा” म्हणाला तर पंचाईत. सराव दुसऱ्या दिवशी पुन्हा.