रशियाला काढले, खटले मात्र राहिले

१६ मार्च २०२२ रोजी युरोप परिषदेने रशियाची हकालपट्टी केली. (ही परिषद म्हणजे युरोपीय संघ नव्हे; स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय हिच्या छत्राखाली चालते.) युक्रेनवरील आक्रमणाला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. आदल्याच दिवशी मॉस्कोने आपण होऊन बाहेर पडत असल्याचे कळवले होते, तरी परिषदेने काढण्याचा ठराव केलाच. १९४९ पासून असे कधी घडले नव्हते.

घडता घडता राहिले होते, ते ग्रीसच्या बाबतीत. १९६७ च्या लष्करी उठावानंतर डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि नेदरलँड्सने तक्रार गुदरली. कारवाई अटळ दिसताच डिसेंबर १९६९ मध्ये ग्रीस स्वतःच बाहेर पडला आणि १९७४ मध्ये लोकशाहीसह परतला. हकालपट्टीचे समर्थक हा दाखला हमखास देतात. मला तो तोकडा वाटतो, कारण ती राजवट कोसळली सायप्रसमध्ये उठाव घडवून आणण्याच्या दुःसाहसामुळे.

रशिया १९९६ मध्ये परिषदेत आला तेव्हा त्याच्याच दक्षिणेकडील चेचन्या प्रांतात फुटीरतावाद्यांशी युद्ध पेटलेले होते. १९९८ पासून रशियन नागरिकाला स्ट्रासबर्गला दाद मागता येऊ लागली. चेचन्यातल्या हत्यांबद्दलचे पहिले निकाल २००५ मध्ये लागले. पुढे अशा प्रकरणांत भरपाई बहुधा मिळे, गुन्हेगारांना शिक्षा मात्र जवळपास कधीच होत नसे. तरीही ज्यांची माणसे उचलून नेली गेली, त्यांच्यासाठी आपल्याच सरकारला जबाबदार धरणारा तेवढाच एक निवाडा होता.

हे न्यायालय ज्यावर उभे आहे त्या युरोपीय मानवी हक्क करारातून मोकळे व्हायला सहा महिने लागतात आणि आधीच्या कृत्यांची जबाबदारी तरीही सुटत नाही. म्हणून रशिया १६ सप्टेंबर २०२२ पर्यंत बांधील राहिला. त्या दिवशी त्याच्याविरुद्धचे १७ हजारांहून अधिक अर्ज पडून होते. न्यायालय ते अजून निकाली काढते आहे, पण रशियाने जून २०२२ मध्येच कायदा करून १५ मार्चनंतरचे निकाल अंमलबजावणीस अपात्र ठरवले. जुलै २०२५ मध्ये युक्रेनमधील अत्याचार आणि २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर एमएच १७ हे मलेशियाचे प्रवासी विमान पाडल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी धरले, तेव्हा रशियाची बाजू मांडायला कोणी नव्हते.

१६ सप्टेंबर २०२२ नंतरच्या छळाबद्दल मात्र रशियन कैद्याला स्ट्रासबर्गला जाता येत नाही. त्याला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार करता येते. तिचे म्हणणे न्यायालयाच्या निकालासारखे बंधनकारक नसते.