मांजर फक्त घराचं? छे!

‘कुत्रा माणसाचा, मांजर घराचं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या २०१९च्या प्रयोगात वेगळंच दिसलं. पिल्लाला मालकासोबत अनोळखी खोलीत ठेवायचं, मग मालकाने दोन मिनिटं बाहेर जायचं. तो परतल्यावर सुमारे ६४ टक्के पिल्लं त्याला भेटून निवांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. म्हणजे आधार माणसाचाच.

आमची चिंगी मांडीवर येत नाही. उचललं तर नखं! पण पोळ्या लाटताना ओट्याखाली, हातभर अंतरावर ठाण मांडते. तिच्याकडे टक लावू नका. डोळे बारीक करून सावकाश मिटा. बऱ्याचदा तीही मिटते. हात पुढे करा, थांबा. गाल घासायचा की नाही, ते ती ठरवेल.