पाटकरी, पाण्याची पाळी आणि ५०८ ची पाटी

"भावा, साइटवर पाटी लागलीय बघ. पाचशे आठ. हे काय असतंय?"

२०२५ च्या जूनअखेरीची गोष्ट. मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच दिसणाऱ्या चपला घालून मॉडेल चालले, इकडं गदारोळ उठला आणि चार दिवस जो तो मोबाइलवर 'ओरिजिनल कोल्हापुरी' शोधू लागला. चप्पल लाईनीतल्या आमच्या काकांची वेबसाइट एरवी दिवसाला पन्नास-साठ माणसं बघायची. त्या संध्याकाळी मिनिटाला शंभर-दीडशे येऊ लागली, साइट आडवी झाली आणि काकांनी मला वरचा प्रश्न विचारला. ज्यानं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा, विकलं होतं, त्यानं फोनवर लगेच तोडगा काढला: "डेडिकेटेड सर्व्हर घ्या काका, विषय संपला." म्हणजे अख्खं यंत्र एकट्यासाठी. खर्च दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढा.

हा गैरसमज मला वारंवार भेटतो. शेअर्ड म्हणजे पासिंजर, व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) म्हणजे एक्स्प्रेस, डेडिकेटेड म्हणजे विमान. जास्त पैसे, जास्त वेग. तसं ते नाही. या तिन्हींत फरक आहे तो वाटणीचा. एकाच यंत्राची वाटणी कुठल्या थरावर होते, एवढाच प्रश्न आहे.

शेअर्ड होस्टिंगमध्ये यंत्र एक, ऑपरेटिंग सिस्टीम एक, वेब सर्व्हर एक आणि त्यावर शेकडो साइट. बहुतेकांचा इंटरनेटवरचा पत्ताही एकच. मग आलेल्या माणसाला चपला बघायच्यात की शेजारच्या क्लासचं वेळापत्रक, हे सर्व्हरला कसं कळतं? ब्राउझर स्वतःच सांगतो. प्रत्येक मागणीत 'होस्ट' नावाची एक ओळ असते आणि तिच्यात साइटचं नाव. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये ही ओळ सक्तीची झाली. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची संख्या मुळात जेमतेम ४२९ कोटी. दर दुकानाला वेगळा पत्ता देत बसलो असतो तर ते कधीच संपले असते. एका वाड्यात वीस बिऱ्हाडं आणि पाकिटावरच्या नावावरून पोस्टमन हाक मारतो, तसं हे.

वाड्यात एकानंच सगळं पाणी भरू नये म्हणून होस्टिंगवाले दर साइटला मर्यादा घालतात. काकांच्या साइटला एका वेळी वीस कामं, एवढीच मुभा होती. 'अनलिमिटेड' हा शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होता, वीसचा आकडा अटींच्या सातव्या पानावर. आता हिशेब बघा. सेकंदाला पाच मागण्या येतात आणि पान तयार करायला चार सेकंद लागतात, तर कुठल्याही क्षणी हातात किती कामं असतील? पाच गुणिले चार, वीस. हेच सूत्र जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणितानं सिद्ध केलं. मिसळीच्या हॉटेलात बाहेर उभं राहून बाकडी मोजणाऱ्या कोल्हापूरकराला ते तोंडपाठ असतं. एकविसावा आला की ५०८: 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड'.

या गुणाकारात दोन आकडे आहेत. विकणारा नेहमी बाकडी वाढवा म्हणतो. चार सेकंद का लागतात, हे कुणी विचारत नाही. काकांचं वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारा तयार प्रोग्रॅम, दर गिऱ्हाइकासाठी तेच पान डेटाबेसला विचारून नव्यानं शिजवत होतं. एकदा शिजलेलं पान ठेवून तेच वाढायचं, म्हणजे कॅशिंग, एवढं सुरू केलं आणि चार सेकंदांचा वेळ दहाव्या हिश्शावर आला. वीसच्या जागी दोन. त्या रात्री साइट उभी राहिली ती एवढ्यावरच. चपलांचे फोटो मोबाइलमधून थेट चढवलेले होते, एकेक पाच-पाच एमबीचा. ते लहान करणं ही पुढच्या रविवारची हमाली.

पण खरेदीची पिशवी आणि पैसे भरायचं पान असं साठवून ठेवता येत नाही. ते दर गिऱ्हाइकाचं वेगळं. म्हणून व्हीपीएसचा विषय निघाला. आणि इथं मला थोडं थांबायचंय, कारण संगणकशास्त्रातली माझी सगळ्यात लाडकी लबाडी इथं आहे.

व्हीपीएस घेतला की तुम्हाला अख्खा संगणक मिळतो. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, स्वतःची मेमरी, हवं तेव्हा रीस्टार्ट. प्रत्यक्षात तो संगणक नसतोच. एका मोठ्या यंत्रावर असे पन्नास भाडेकरू असतात आणि प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःला घरमालक समजत असते. हा भ्रम टिकवणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरव्हायजर म्हणतात.

युक्ती अशी. प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या पायऱ्या असतात. साधे प्रोग्रॅम खालच्या पायरीवर, ऑपरेटिंग सिस्टीम वरच्या. यंत्राच्या कळा फिरवणारी सूचना खालच्या पायरीवरून आली की प्रोसेसर काम थांबवून वर वर्दी देतो. मग भाडेकरू ऑपरेटिंग सिस्टीमला गुपचूप खालच्या पायरीवर बसवायचं. तिनं हुकूम सोडला की वर्दी हायपरव्हायजरकडे जाते, तो त्या हुकुमाचं नाटक तिच्यापुरतं वठवतो आणि "झालं साहेब" म्हणून सांगतो. तिला पत्ता लागत नाही. आयबीएमनं हे १९६० च्या दशकातच आपल्या मेनफ्रेमवर करून दाखवलं होतं, आणि १९७४ मध्ये जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी त्याची अट नेमकी मांडली: यंत्राच्या स्थितीला हात लावणारी प्रत्येक सूचना खालून दिली गेली तर वर्दी गेलीच पाहिजे. एकही सुटता कामा नये.

घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांत नेमक्या सुटत होत्या. 'पॉपएफ' नावाची एक सूचना घ्या. तिनं इतर गोष्टींबरोबर 'मला मधे अडवू नका' हा झेंडा वर-खाली करता येतो. ती खालच्या पायरीवरून दिली तर प्रोसेसर झेंड्याला हात लावत नाही आणि तक्रारही करत नाही. गप्प पुढं जातो. कचेरीत दिलेला अर्ज नामंजूर झाला तर निदान कळतं. इथं अर्ज टोपलीत आणि अर्जदार मंजूर झाला समजून घरी. भाडेकरू ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं झेंडा बदलला, हायपरव्हायजरला काही कळलेलंच नाही, आणि दोघांचे हिशेब तिथून फाटतात. पेंटियममध्ये अशा १७ सूचना असल्याची यादी २००० मध्ये प्रसिद्ध झाली.

मग तीन वाटा निघाल्या. व्हीएमवेअर या कंपनीनं १९९९ मध्ये भाडेकरूचा कोड चालता चालताच वाचून त्यातल्या दगाबाज सूचना बदलून टाकायला सुरुवात केली. केंब्रिजमधून २००३ मध्ये आलेल्या झेन या हायपरव्हायजरनं भाडेकरूलाच विश्वासात घेतलं: तू भाडेकरू आहेस, थेट आमच्याशी बोल. शेवटी २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरच दुरुस्त केले, आणि २००७ मध्ये केव्हीएम हे हायपरव्हायजर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात जाऊन बसलं. आजचा स्वस्त व्हीपीएस हे या दुरुस्तीचं फळ आहे.

मेमरीची गंमत तर याहून गुंतागुंतीची. भाडेकरूला वाटतं आपली मेमरी शून्य नंबरपासून सुरू होते. प्रत्यक्षात तिचे तुकडे कुठंही विखुरलेले. जुन्या सर्व्हे नंबरवरून गट नंबर शोधायचा तर तलाठ्याकडचा तक्ता बघावा लागतो, तसे इथं दोन तक्ते: एक भाडेकरूचा, एक हायपरव्हायजरचा. आणि पहिल्या तक्त्याचं प्रत्येक पान कुठं आहे हे शोधायलाच दुसरा तक्ता चाळावा लागतो. चार पातळ्यांचा तक्ता असेल तर एरवी चार वेळा मेमरीत डोकावून पत्ता लागतो. दोन तक्ते एकात एक बसले की वाईटात वाईट स्थितीत चोवीस वेळा. नुकतेच शोधलेले पत्ते प्रोसेसर खिशात ठेवतो म्हणून हे आपल्याला जाणवत नाही. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर बिनघोर पुढं चला.

आता काकांच्या कामाचं. आमच्या गावाकडं नदीवरून पाणी उचलणारी पाणीपुरवठा संस्था आहे. मोटर एक, सभासद अनेक, आणि पाटकरी ज्याची त्याची पाळी लावतो. हायपरव्हायजर म्हणजे हा पाटकरी. 'दोन कोअर', म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे दोन भाग, विकत घेतले म्हणजे दोन कोअर तुमच्या नावावर झाले असं नाही. तुम्ही पाळीपत्रकात आलात. विकलेले कोअर यंत्रातल्या खऱ्या कोअरपेक्षा जास्त असतात, आणि सगळ्यांनी एकदम पाणी मागितलं की कुणाचं तरी शिवार वाळतं. व्हीपीएसवर लिनक्सची 'टॉप' ही कमांड चालवा. प्रोसेसरच्या ओळीत शेवटी 'एसटी' असा आकडा दिसेल. सीबीएस स्टँडवरच्या लाल डब्याशी त्याचा संबंध नाही, वाट बघण्याशी मात्र आहे. एसटी म्हणजे स्टील, चोरी: तुमचं काम तयार होतं, पण तेव्हा प्रोसेसर दुसऱ्याच्या शेतात होता. हा आकडा शून्याच्या आसपास असेल तर पाटकरी प्रामाणिक. तासन्‌तास दहा टक्क्यांच्या वर राहिला तर होस्टिंगवाला बदला.

डेडिकेटेडमध्ये पाटकरीच नाही, विहीर आपली. मोठा डेटाबेस, चोवीस तास सारखा भार, किंवा शेजारीच नको अशी गुप्ततेची गरज असेल तर ते घ्यावं. २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांनी दाखवून दिलं होतं की एका प्रोसेसरवरच्या भिंती वाटतात तेवढ्या जाड नसतात. पण विहीर आपली म्हणजे मोटर जळाली तर तीही आपलीच. डिस्क गेली की नवी बसेपर्यंत हात चोळत बसायचं. चपलांच्या दुकानाला ही विहीर कशाला?

आणि अंतर कुठलंच होस्टिंग कापत नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. कोल्हापूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, जाऊन-येऊन तीन मिलिसेकंद. अमेरिकेतलं व्हर्जिनिया सुमारे १३,००० किलोमीटर, म्हणजे कमीत कमी १३०. सुरक्षित पान उघडायला अशा तीन-चार खेपा होतात. काकांचा आधीचा सर्व्हर तिकडंच होता, आणि नवा डेडिकेटेडही तिथंच देणार होते.

मुंबईतला दोन कोअर, चार जीबीचा व्हीपीएस ठरला. अपडेट, बॅकअप, फायरवॉल आता माझ्या गळ्यात. शेअर्डमध्ये ते दुसरा कुणी करत होता, हे विसरून चालत नाही. काकांनी पंचांग काढलं. पहिल्यांदा साइट अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर सुरू केली होती. नारळ फुटला, पण डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीची, जुनी नोंद चोवीस तास साठवलेली होती, त्यामुळं निम्म्या लोकांना ती दुसऱ्या दिवशी दिसली. मुहूर्त साधायचाच असेल तर आदल्या दिवशी त्या नोंदीची मुदत ३०० सेकंदांवर आणावी, लिंबू-मिरची नाही टांगली तरी चालते. या वेळी तेवढं केलं आणि रात्री दोनला पत्ता बदलला.

गिऱ्हाईक यायच्या आत लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, नोंद पडली. कुठलंसं यंत्र 'रूट' या मालकाच्या खात्याच्या नावानं एकामागून एक पासवर्ड चाचपत होतं. पासवर्डनं आत येणं मी आधीच बंद केलं होतं, पण सकाळी काकांच्या कानावर घातलं.

"दुकान उघडायच्या आधी चोर आला?" काका म्हणाले. "मग चालतंय बघ दुकान."