पार्श्वभूमी : लोअर परळचा मॉल, टॉवर आणि गिरण्यांच्या जमिनीचा वाटा

तुळशीपाईप रोडवरच्या मॉलमध्ये फिनिक्स मिलची जुनी चिमणी अजून उभी आहे. ही गिरणी १९०५ सालची. तिच्या आसपास आज काचेच्या ऑफिस टॉवरांची दाटी झाली आहे. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यानंतर गिरणगाव मोडलं, हे सर्वांना ठाऊक आहे. जमीन कोणाच्या पदरात पडणार, हे मात्र बऱ्याच नंतर ठरलं.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ न्याय्य होता. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन शहराच्या बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी द्यायची आणि उरलेली मालकाने विकसित करायची. नव्वदच्या दशकात काही मालकांनी जुन्या शेड तशाच ठेवून आत ऑफिसं थाटली.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची करायची, असं ठरलं. आता गिरणीचं आवार डोळ्यांसमोर आणा. साचेखातं, कताईचं खातं, बॉयलर, गोदामं असं बहुतेक सगळं छपराखाली. मोकळं उरतं ते गेटच्या आतलं अंगण आणि थोडीफार पडीक जागा. शेड पाडली की तिच्याखालची जमीनही मोकळीच होते, पण ती वाटणीत धरायची नाही, असा बदलाचा अर्थ लावला गेला. कामगारांची थकलेली देणी आणि बँकांची कर्जं फेडायला पैसा हवा, असा बदलाच्या बाजूचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य होतं, पण त्यासाठी शहराने आपला वाटा सोडायला हवा होता, हे पटत नाही. उच्च न्यायालयालाही ते पटलं नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये त्याने पाडलेल्या बांधकामांखालची जमीनही वाटणीत धरायला सांगितलं. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि टॉवरांचा मार्ग मोकळा झाला. २००५ च्या लिलावात विकल्या गेलेल्या ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या सरकारी गिरण्यांच्या जागीही ऑफिसं आली.

रस्ते आणि पूल मात्र चाळीतून चालत पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला.

घरांचा वाद तर अजून चालूच आहे. अलीकडे गिरणी कामगार आणि वारसांसाठी कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणीतली घरं पुढे करण्यात आली. कामगारांच्या अनेक संघटनांनी ती नाकारली आहेत. घर मुंबईतच हवं, ही त्यांची मागणी कायम आहे.