प्रमाणशीर कपात (आरोग्य विमा)

भारतातील आरोग्य विम्याच्या करारातील एक अट. रुग्णाने पॉलिसीतील खोलीभाड्याच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, की भाड्यातील फरक तर त्याच्यावर पडतोच. शिवाय खोलीच्या दर्जानुसार बदलणारी इतर देयकेही त्याच प्रमाणात कापली जातात. उदा., 3 लाखांच्या पॉलिसीत 1 टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला 3,000 रु. भाडे. रुग्ण 5,000 रुपयांच्या खोलीत 4 दिवस राहिला, तर शस्त्रक्रिया व भूल यांच्या 1,20,000 रुपयांपैकी 60 टक्केच, म्हणजे 72,000 रु. मंजूर होतात. उरलेले 48,000 आणि भाड्यातील फरकाचे 8,000 रु. रुग्णाने भरायचे. हे बहुधा डिस्चार्जच्या वेळी कळते, ही या अटीची सर्वांत क्लेशदायक बाजू होय.

सर्वसाधारण विमा महामंडळाच्या चार उपकंपन्यांनी 1986 मध्ये मेडिक्लेम आणली, तेव्हा खर्चाच्या बाबवार मर्यादा होत्या. 1996 च्या सुधारणेत त्या निघाल्या. खोलीभाड्यावरील टक्केवारीची मर्यादा या सार्वजनिक कंपन्यांच्या पॉलिसींत 2007 च्या सुमारास रूढ झाली असावी. तिच्या कारणाबाबत मतभेद आहेत. विमा पाहून रुग्णालये दर चढवतात, त्याला आळा घालण्यासाठी ती आली, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार, 1 जानेवारी 2007 पासून आगविम्याचे सर्व कंपन्यांना बंधनकारक असलेले ठरीव दर उठले. त्यामुळे आगविम्याच्या नफ्यातून सामूहिक आरोग्य विम्याचा तोटा भरून काढण्याची जुनी सोय संपली. कालक्रम पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. रुग्णालयांच्या चढ्या दरांची तक्रार मात्र टिकून राहिली: जुलै 2010 मध्ये याच चार कंपन्यांनी मुंबई-दिल्लीतील अनेक मोठ्या रुग्णालयांत कॅशलेस (विमा कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याची सोय) थांबवले आणि पॅकेज दर (उपचारासाठी एकत्रित ठरवलेली रक्कम) मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे जाळे उभारले.

एकाच शस्त्रक्रियेचा दर खोलीनुसार का बदलावा, हा मूळ प्रश्न. जनरल वॉर्डातील सवलत खासगी खोल्यांतून भरून निघते, असे रुग्णालये सांगतात. केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या 2014 च्या दरपत्रकात निमखासगी वॉर्ड पाया धरून जनरल वॉर्डास 10 टक्के कमी व खासगीस 15 टक्के अधिक दर होता. तपासण्यांचे दर सर्वांना सारखे होते. याहून मोठी तफावत केवळ खर्चाच्या आधारे समजावणे कठीण आहे.

विमा नियामक प्राधिकरणाच्या जून 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, इम्प्लांट, तपासण्या व अतिदक्षता विभागाच्या आकारणीवर ही कपात लावता येत नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयांतही ती लागू नाही.